वाचक विचारतात: बुरशीला लिव्हर कुठून आलं?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की औषध पोटात गेल्यावर लिव्हर त्याचं काय करतं हे शोधायला लॅबमध्ये मातीतली एक साधी बुरशी सुद्धा बरंच काही सांगते. त्या एका वाक्यावर या महिन्यात एवढी पत्रं आणि मेल आलेत की बाकीचे विषय बाजूला ठेवून अख्खं पान यालाच दिलंय. आयुष्याची बरीच वर्षं मी या फ्लास्कांसोबत घालवलीत, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

लातूरहून बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी लिहिते: मॅडम, सरांनी मला प्रोजेक्ट दिलाय, मेलोक्सिकॅम या सांधेदुखीवरच्या औषधाचं कनिंगहॅमेला बुरशी काय करते ते बघायचं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, औषध माणसाला द्यायचं आणि प्रयोग बुरशीवर, हे कसलं शिक्षण? मला पण त्यांना नीट सांगता आलं नाही. बुरशीला लिव्हर असतं का?

अगं, बाबांचा प्रश्न एकदम रास्त आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. बुरशीला लिव्हर नसतं, पण लिव्हर ज्या हत्यारांनी काम करतं त्यातली बरीचशी हत्यारं तिच्याकडे असतात, सगळी गोष्ट इथेच आहे.

हे बघ, आपण गोळी गिळली की शरीराला ती औषध आहे वगैरे काही कळत नाही, त्याच्या लेखी तो एक परका पदार्थ, बाहेर काढायचा एवढंच. बाहेर जायची मोठी वाट लघवीतून, आणि तिथून जायचं तर पाण्यात विरघळायला पाहिजे, पण बरीच औषधं जरा तेलकट स्वभावाची असतात (तशी नसती तर आतड्यातून रक्तात शिरलीच नसती). मग लिव्हर काय करतं, आधी रेणूवर कुठेतरी ऑक्सिजन बसवतं किंवा एखादा तुकडा छाटतं आणि मग त्या जागेवर ग्लुक्युरॉनिक आम्ल नाहीतर सल्फेट जोडून त्याला वाटेला लावतं. पहिल्या टप्प्यातलं मुख्य हत्यार म्हणजे सायटोक्रोम पी-४५० नावाची एन्झाइमं. जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी १९६२ मध्ये हे नाव दिलं, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटला की हे रंगद्रव्य ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. माणसात या एन्झाइमांची ५७ जनुकं आहेत.

आता मातीतल्या बुरशीचा विचार कर. कुजकं लाकूड, पालापाचोळा, झाडांनी स्वतःच्या बचावाला तयार केलेली विषं, शेजारच्या जंतूंनी सोडलेले पदार्थ, हे सगळं तिच्या अंगावर रोज येतं आणि तिला पळून जाता येत नाही. परका पदार्थ आला, त्याचं काहीतरी करा, हीच अडचण तिचीही, आणि पी-४५० हे फार जुनं एन्झाइम घराणं असल्याने उत्तरही बऱ्याचदा तेच निघतं.

मला स्वतःला हे कधी पटलं सांगू? घरात कपाटात डांबरगोळ्या ठेवतो ना, त्या जुन्या डांबरगोळ्या म्हणजे नॅप्थॅलीन. त्यावर जिवाणूही काम करतात आणि बुरशीही, पण पद्धत वेगळी. सूडोमोनाससारखा जिवाणू ऑक्सिजनचे दोन्ही अणू एकाच बाजूने बसवतो, सिस. आपलं लिव्हर मात्र आधी एकच अणू बसवतं, मग पाणी येऊन दुसऱ्या बाजूने जोडलं जातं, म्हणजे ट्रान्स. आणि कनिंगहॅमेला इलेगन्स? ती ट्रान्स करते, लिव्हरसारखं! टेक्सास विद्यापीठात सर्निग्लिया आणि गिब्सन यांनी १९७७ मध्ये हे दाखवलं. फक्त तयार माल सारखा निघाला असता तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं, पण इथे रस्ताही तोच निघाला. आणि ही बुरशी तिथेच थांबत नाही, पुढे सल्फेट आणि ग्लुक्युरॉनिक आम्लही जोडते, म्हणजे दुसरा टप्पासुद्धा.

या कामाला नाव आणि शिस्त दिली ती स्मिथ आणि रोझाझा या अमेरिकन शास्त्रज्ञांनी, १९७४ मध्ये. साधीसाधी ॲरोमॅटिक (म्हणजे बेन्झिनसारखं कडं असलेली) संयुगं घेतली, सस्तन प्राण्यांच्या शरीरात त्यांना कुठे ऑक्सिजन लागतो ते माहीत होतं, मग बऱ्याच सूक्ष्मजीवांना तीच खायला देऊन कोण त्याच जागी ऑक्सिजन लावतंय ते बघितलं. कनिंगहॅमेला पुढे आली आणि आजही या कामात पहिलं नाव तिचंच निघतं. नंतर वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या औषधावर ऑस्टिनमध्ये काम झालं, तर माणसात आणि उंदरात जे हायड्रॉक्सी वॉरफरिन सापडतात त्यातले बरेच या बुरशीने करून दाखवले.

तुझ्या मेलोक्सिकॅमवर तर आपल्या शेजारीच काम झालंय, वरंगळच्या काकतीय विद्यापीठात. लिव्हर त्याच्या एका मिथाइल गटावर आधी हायड्रॉक्सी लावतं आणि मग त्याचं कार्बोक्सी करतं, आणि कनिंगहॅमेला ब्लेकस्लीयाना नेमके हेच दोन पदार्थ करते. आणि बाबांना एक सांग, या लोकांना लागलेली बुरशी पुण्यातून गेलेली, आपल्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून देशभरातल्या लॅब कल्चर मागवतात. तुझ्या सरांनीही बहुतेक तिथूनच मागवलं असेल, ट्यूबवरचं लेबल बघ.

आता फायदा काय हा बाबांचा खरा मुद्दा. माणसाच्या रक्तात औषधाचा बदललेला पदार्थ सापडतो तो इतका थोडा की मशीनवर नुसतं त्याचं टोक दिसतं, वजन कळतं, पण ऑक्सिजन नेमका कोणत्या कार्बनवर बसला ते सांगायला एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं तंत्र) लागतं आणि एनएमआरला मिलिग्रॅममध्ये माल लागतो. तो कुठून आणणार? केमिस्टने बनवायचा म्हटलं तर एका ठराविक जागी ऑक्सिजन बसवायला कधीकधी महिने जातात. बुरशीला तेच औषध पाच दिवस खाऊ घाल, फ्लास्क वाढव, माल हातात. ही एवढी सोय आहे म्हणून हा सगळा खटाटोप.

तू पहिल्यांदा फ्लास्क उजेडात धरशील ना तेव्हा नीट बघ, शेकरवर, म्हणजे फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्रावर, फिरून फिरून बुरशीचे गोळे झालेले असतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, पांढरट, काही मोठे काही बारीक, आणि वास ओल्या मातीचा. बाबांना मोबाइलवर फोटो काढून दाखव.

सांगलीहून एक निवृत्त शिक्षक: ताई, मी ७४ वर्षांचा, बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत. तुमचं वाचून धास्ती वाटली. म्हणजे बुरशीवर औषध तपासतात आणि आम्हाला देतात की काय? आणि औषध शरीरात बदलतं ते चांगलं की वाईट?

गुरुजी, आधी धास्ती काढून टाका. बुरशीवर चाललं म्हणून कुठलंही औषध माणसाला देत नाहीत, देणारही नाहीत. औषध किती वेळ रक्तात राहील, किती डोस द्यायचा, कुठल्या पेशंटला बाधेल, यातलं काहीही बुरशी सांगू शकत नाही. काय काय तयार होऊ शकतं तेवढं ती सांगते आणि ते तयार करून देते. पुढची माणसांवरची तपासणी वेगळी, टप्प्याटप्प्याची, ती कोणी टाळत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण चांगलं की वाईट हे आधीच सांगता येत नाही, म्हणूनच तर शोधावं लागतं. टर्फेनाडिन नावाचं ॲलर्जीवरचं औषध होतं, १९८५ मध्ये अमेरिकेत आलं, झोप येत नाही म्हणून लोकांना भारी आवडलं. पण खरं कामाचं औषध टर्फेनाडिन नव्हतंच, लिव्हर आणि आतडं मिळून त्याचं फेक्सोफेनाडिन करायचे आणि काम ते फेक्सोफेनाडिन करायचं. आता समजा पेशंटने सोबत बुरशीच्या संसर्गावरचं किटोकोनॅझॉल घेतलं किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं, तर बदल करणारं एन्झाइम अडून बसतं आणि मूळ टर्फेनाडिन रक्तात साचतं. आणि ते साचलं की हृदयाचे ठोके बिघडायचे, काही माणसं गेली. अमेरिकेत १९९८ मध्ये ते बाजारातून काढलं. त्याच्या जागी काय आलं? तेच फेक्सोफेनाडिन, जे शरीर आधीपासून बनवत होतं! आज ॲलर्जीला डॉक्टर जी गोळी लिहून देतात त्यात पुष्कळदा हेच असतं. आणि टर्फेनाडिनचं फेक्सोफेनाडिन करायचं काम ॲब्सिडिया नावाची बुरशी फ्लास्कमध्ये अगदी छान करते.

तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेता म्हणून अजून एक सांगते. स्टॅटिन घराण्याची सुरुवात जपानच्या अकिरा एंडो यांनी केली, हजारो सूक्ष्मजीव तपासून पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडलं. नंतर कॉम्पॅक्टिन दिलेल्या कुत्र्यांच्या लघवीत त्याचा एक बदललेला पदार्थ मिळाला, फक्त एक हायड्रॉक्सी जादा, आणि तो मूळ औषधापेक्षा सरस निघाला. त्याचं नाव प्राव्हास्टॅटिन, जपानमध्ये १९८९ मध्ये बाजारात आलं. आता कुत्र्याच्या लघवीतून काही जगाला पुरेल एवढं औषध निघत नाही ना, मग तो एकच हायड्रॉक्सी त्याच जागी बसवणारा सूक्ष्मजीव शोधला, स्ट्रेप्टोमायसिस कार्बोफिलस, आणि कारखान्यात हे काम तो जिवाणू करायला लागला. आधी बुरशीने बनवलं, मग कुत्र्याच्या शरीराने सुधारलं, मग जिवाणूने तीच सुधारणा टाक्या भरभरून करून दिली. मला या गोष्टीचं दरवेळी अप्रूप वाटतं.

तुमच्या गोळ्या चालू ठेवा आणि दुसरं कुठलंही औषध, आयुर्वेदिक काढासुद्धा, सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा.

नाशिकहून एक भगिनी: २०२१ मध्ये माझ्या दिरांना कोविडनंतर म्युकर झाला. एक डोळा काढावा लागला, तरी ते वाचले हे नशीब. तुम्ही लिहिलेली बुरशी गुगलवर बघितली तर ती म्युकरच्याच जातीतली निघाली. अशी बुरशी कॉलेजातल्या पोरांच्या हातात देतात हे वाचून मला रात्रभर झोप नाही आली. खरं काय ते सांगा.

ताई, तुम्ही बरोबर बघितलंत, ते लपवण्यात अर्थ नाही. कनिंगहॅमेला म्युकोरेल्स गणातली आहे, आणि तिची एक बहीण, कनिंगहॅमेला बर्थोलेशिए, माणसाला म्युकर करते, ४० अंशालाही ती वाढते. लॅबमध्ये जी इलेगन्स किंवा ब्लेकस्लीयाना वापरतात ती वेगळी जात, तिला २८ अंशाच्या आसपास वाढवतात. तरीही मी माझ्या विद्यार्थ्यांना कायम सांगत आले, बीजाणू आलेली प्लेट टेबलावर उघडायची नाही, सगळं काम कॅबिनेटमध्ये, वापरलेला प्रत्येक फ्लास्क ऑटोक्लेव्ह करूनच (म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारूनच) धुवायला द्यायचा, आणि ज्याला डायबेटिस आहे किंवा स्टेरॉइड चालू आहेत त्याने या कामाला हात लावायचा नाही. जिथे हे पाळत नाहीत तिथे तुमची काळजी शंभर टक्के खरी आहे.

पण दिरांच्या बाबतीत अजून एक सांगावंसं वाटतं, सांगू की नको असं झालं होतं. आपल्याकडे म्युकर करणारी सगळ्यात जास्त सापडणारी बुरशी म्हणजे ऱ्हायझोपस अऱ्हायझस. हीच ती बुरशी जिने स्टेरॉइड स्वस्त केली. १९४९ मध्ये कॉर्टिझोन या स्टेरॉइडने संधिवाताचे पेशंट उठून चालायला लागले आणि जगभर धावपळ झाली, पण ते गुरांच्या पित्तातून तिसाच्या वर पायऱ्या करत बनायचं, ग्रॅमला २०० डॉलर भाव. सगळी अडचण रेणूच्या अकराव्या कार्बनवर एक ऑक्सिजन बसवण्याची होती. १९५२ मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या अपजॉन कंपनीत पीटरसन आणि मरी यांनी दाखवलं की ऱ्हायझोपस अऱ्हायझस प्रोजेस्टेरॉनवर तो ऑक्सिजन एका झटक्यात बसवते, आणि तिची बहीण ऱ्हायझोपस निग्रिकन्स, जी शिळ्या पावावर काळी येते ती, त्याहून चांगलं करते. भाव काही वर्षांत ६ डॉलरवर आला. दमा, संधिवात, किडनीचे आजार, किती घरांत त्या एका पायरीने माणसं वाचली असतील.

आणि २०२१ मध्ये आपल्याकडे काय झालं ते तुम्ही घरात भोगलंय, साखर ताब्यात नाही, स्टेरॉइडचे डोस जास्त, जास्त दिवस, कधी गरज नसताना, शरीराची प्रतिकारशक्ती दबलेली आणि हवेतली तीच बुरशी नाकातून आत. बुरशी नंतर बदलून दुष्ट झाली असं नाही. ती आधीही हवेत होती, आजही तुमच्या माझ्या घरात आहे. दिरांना साखर तपासत राहायला सांगा, आणि पुढे कधीही नाक बंद, गाल दुखणं, काळपट स्राव असं काही वाटलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

पुण्याहून एक आयटीवाले वाचक: आता तर माणसाचं एन्झाइमच यीस्टमध्ये टाकता येतं असं ऐकलंय, मग जुन्या बुरशीची गरज काय?

बरोबर ऐकलंय. ई. कोलायमध्ये स्वतःचं एकही पी-४५० नाही आणि बेकरीच्या यीस्टमध्ये फक्त तीन, म्हणजे पाटी जवळजवळ कोरी, तिच्यावर माणसाचं जनुक लिहिलं की दिसेल ते काम त्या एका एन्झाइमचंच. कुठलं एन्झाइम जबाबदार हे शोधायला याच्यासारखं दुसरं नाही, आणि पैसे असतील तर कंपन्या तेच करतात. पण बुरशीत बरीच एन्झाइमं एकत्र, पहिला टप्पा दुसरा टप्पा एकाच फ्लास्कमध्ये, जनुकांची उठाठेव नाही, परवान्याची भानगड नाही, तालुक्याच्या कॉलेजातही एक ऑटोक्लेव्ह आणि एक शेकर असला तर काम सुरू होतं. फक्त लक्षात ठेवायचं, बुरशीचं एन्झाइम हे माणसाचं एन्झाइम नाही, कधी ती असे पदार्थही करते जे माणसात होतच नाहीत, आणि डावा-उजवा (आरशातल्या प्रतिमेसारखा) रेणू यातली तिची निवड लिव्हरपेक्षा उलटी असू शकते. दोन्ही लागतात.

चंद्रपूरहून एक वाचक: आपल्या पोटातले जंतू पण औषध बदलतात का?

हो, आणि ते बुरशीसारखे लिव्हरचं मॉडेल नाहीत, ते प्रत्यक्ष तुमच्यातच काम करतात. हृदयाला देतात ते डिगॉक्सिन काही लोकांत आतड्यातला एगर्थेला लेंटा नावाचा जिवाणू निकामी करून टाकतो, त्याची यासाठीची जनुकं २०१३ मध्ये सापडली. १९३५ चं पहिलं सल्फा औषध प्रॉन्टोसिल तर ट्यूबमध्ये जंतूंना काहीच करत नव्हतं, शरीरात तुटून सल्फानिलामाइड झालं की मगच चालायचं, आणि ते तोडण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा वाटा. यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

म्हापशाहून एक वाचक: यामुळे उंदीर-सशांवरचे प्रयोग बंद होतील का?

बंद होणार नाहीत, कमी नक्की होतात. आधी नुसता बदललेला पदार्थ गोळा करायला प्राण्यांची लघवी, पित्त जमवावं लागायचं, ते काम फ्लास्क करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि भारतातही नवीन औषधांच्या नियमांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन प्राण्यांशिवायच्या चाचण्यांना जागा मिळाली आहे. पण अख्ख्या शरीरात, रक्त-किडनी-मेंदू सगळं चालू असताना काय होतं, ते बुरशी सांगत नाही.

कोल्हापूरहून एम. एस्सी. मायक्रोबायोलॉजीचा विद्यार्थी: मॅडम, चार महिने झाले, कनिंगहॅमेलाला नॅप्रॉक्सेन हे वेदनाशामक देतोय. कधी टीएलसीवर (पदार्थ ठिपक्या-ठिपक्यांत वेगळे करणाऱ्या प्लेटवर) नवा स्पॉट येतो, कधी काहीच नाही. मागच्या आठवड्यात आला तो परत रिपीट केला तर गायब. आमच्याकडे लाइट पण जाते. गाइड म्हणतात विषय बदल. काय करू?

विषय बदलू नकोस लगेच, आधी मला हे सांग की तू दोन कंट्रोल लावलेस का? तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. एका फ्लास्कमध्ये बुरशी आहे पण औषध नाही, तिथे औषध ज्यात विरघळवलंस ते डीएमएफ तेवढंच टाकायचं. दुसऱ्यात औषध आहे, मीडिया (बुरशीचं पातळ खाद्य) आहे, पण बुरशी नाही. दोन्ही त्याच शेकरवर, तेवढेच दिवस. पहिल्यातही तो स्पॉट दिसला तर तो बुरशीचा स्वतःचा पदार्थ, दुसऱ्यात दिसला तर औषध आपोआप तुटतंय. हे मी एवढ्या कळकळीने सांगतेय कारण मी स्वतः सुरुवातीला एका निळसर चमकणाऱ्या स्पॉटच्या मागे तीन आठवडे घालवले, यूव्हीखाली इतका सुंदर दिसायचा, मनात तर मी पेपरही लिहायला घेतला होता, आणि मग बिनऔषधाचा फ्लास्क काढला तर तोच स्पॉट तिथे बसलेला. त्या दिवसापासून कंट्रोल नसलेली प्लेट मी बघतसुद्धा नाही.

आता लाइटचं. तुला वाटतंय त्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. पी-४५० ऑक्सिजन हवेतूनच घेतं. शेकर थांबला की गोळे खाली बसतात, आतल्या भागाला ऑक्सिजन पोचत नाही, दोन-तीन तास तसं राहिलं तर कामच थांबतं. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच मीडिया घे, जास्त भरू नकोस, कापसाचा बोळा सैल ठेव, आणि वहीत लाइट किती वाजता गेली किती वाजता आली हे लिही. मला वाटतं तुझा येणारा-जाणारा स्पॉट तिथेच सापडेल. डिपार्टमेंटमध्ये इन्व्हर्टरची लाइन असलेल्या खोलीत शेकर हलवता येतो का विचार.

दोन टप्प्यांत वाढवतोयस ना? आधी ताजी वाढ, साधारण तीन दिवस, मग तिच्यातला थोडा भाग नवीन मीडियात, आणि एक दिवसाने औषध. सरळ स्लँटवरून (कल्चर जपून ठेवायच्या ट्यूबमधून) मुख्य फ्लास्कमध्ये टाकलं तर प्रत्येक वेळी वाढ वेगळी, रिझल्ट वेगळा. स्लँट किती जुना आहे तेही बघ, सहा महिने फ्रिजमध्ये पडलेल्या कल्चरकडून रुसव्याशिवाय काही मिळत नाही, नवीन काढ. औषध ५० मिलीत १० मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नकोस सुरुवातीला.

मग एक्स्ट्रॅक्शन. नॅप्रॉक्सेन स्वतः आम्ल आहे, त्याचा जो पदार्थ तुला हवाय, मिथाइल गेलेला, तोही आम्लच. मीडिया आम्लधर्मी न करता इथाइल ॲसिटेट हा द्रावक घातलंस तर तो पाण्यातच बसून राहतो आणि तू म्हणतोस काही झालंच नाही! पीएच २-३ ला आण, मग काढ. आणि बुरशीचे गोळे फेकू नकोस, त्यांना वेगळं मिथेनॉलने धू, पुष्कळदा अर्धं औषध त्यांनाच चिकटलेलं असतं. शिवाय ग्लुक्युरॉनाइड किंवा सल्फेट झालं असेल तर ते असं सहज येत नाही, थोड्या मीडियावर ग्लुक्युरॉनाइडसाठी बीटा ग्लुक्युरॉनिडेज आणि सल्फेटसाठी सल्फेटेज एन्झाइम घालून बघ, नवा स्पॉट उगवला तर तो लपलेला होता असं समज.

टीएलसीवर विसंबू नकोस, तो नुसता इशारा आहे. शिवाजी विद्यापीठात किंवा जवळ कुठे एलसी-एमएस (पदार्थ वेगळे करून रेणूचं वजन सांगणारं मशीन) असेल तर नमुना चालवून घे आणि वजनातला फरक बघ. १६ ने वाढलं तर एक ऑक्सिजन बसला. १४ ने कमी झालं तर मिथाइल गेला, नॅप्रॉक्सेनमध्ये तुला हाच दिसायला हवा कारण माणसातही पहिल्या टप्प्यातला मुख्य बदल हाच. १७६ ने वाढलं तर ग्लुक्युरॉनिक आम्ल, ८० ने वाढलं तर सल्फेट. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

हे सगळं जमलं की एक शेवटचा फ्लास्क लाव, त्यात पी-४५० ला अडवणारं अमिनोबेंझोट्रायझोल घाल. स्पॉट नाहीसा झाला तर काम त्याच एन्झाइमचं आहे असं म्हणायला तुझ्याकडे पुरावा होतो, आणि गाइडना दाखवायला हा एक फ्लास्क पुरेसा आहे.

आणि हे सगळं करूनही काही निघालं नाही तर तेही लिहून काढ, कुठल्या जातीने, कुठल्या मीडियात, किती दिवसांत नाही केलं ते. पुढच्या पोराचे चार महिने वाचतील. फ्लास्क लावलेस की मला कळव, दोन्ही कंट्रोलच्या प्लेटचा फोटो आधी पाठव, मग तिसऱ्याचा.